सप्तर्षी सोसायटीतली पालट-चाचणी

सप्तर्षी सहकारी गृहरचना संस्थेच्या कार्यकारिणीने सात जानेवारी दोन हजार एक्केचाळीस रोजी एका यंत्राच्या अभिनंदनाचा ठराव मंजूर केला. याआधी संस्थेने दहावीत चमकलेल्या मुलांचं अभिनंदन केलं होतं, आणि एकदा लिफ्ट सलग आठ महिने बंद न पडल्याबद्दल लिफ्टवाल्याचं. यंत्राची ही पहिलीच वेळ.

ठराव अध्यक्ष निमकरांनी मांडला. "परदेशातील भारतीयांना सोसाव्या लागणाऱ्या वंशद्वेषाचा बुरखा फाडणाऱ्या 'पालट' या प्रणालीचे ही सभा मनःपूर्वक अभिनंदन करते."

सचिव वैजयंती खांबेटे यांनी इतिवृत्तात 'फाडणाऱ्या' खोडून 'दूर करणाऱ्या' असं लिहिलं. बत्तीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवून आणि वादविवादाचे संघ तयार करून निवृत्त झालेल्या बाईंना सभ्य शब्दांची सवय होती. शिवाय यंत्राने ज्याची बाजू खरी ठरवली तो मल्हार त्यांचाच मुलगा होता, म्हणून जरा संयम दाखवणं भाग होतं.

मल्हार जर्मनीत लाइपझिगला पवनचक्क्यांच्या पात्यांमधले तडे शोधायचं काम करत असे. बायको शाल्मली गरोदर. दोघं कंपनीच्या अतिथिगृहात एका खोलीत राहत होती आणि ती खोली मार्चअखेर सोडायची होती. लेंट्स नावाच्या म्हाताऱ्या घरमालकाचं तीन खोल्यांचं घर त्यांनी पाहिलं. लेंट्सने अर्धा तास गप्पा मारल्या, मल्हारच्या जर्मन उच्चारांचं तोंडभर कौतुक केलं, कागदपत्रं नीट आहेत म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी कळवलं की घर दुसऱ्याला दिलं. पुढचे पाच आठवडे ते घर जाहिरातीत तसंच होतं. मल्हारने दावा लावला आणि पालट-चाचणी मागितली.

ही चाचणी म्हणजे काय, ते बाईंनीच सभेला समजावून सांगितलं होतं.

पूर्वीचे संशोधक एकच अर्ज दोन नावांनी पाठवायचे. एका नावाला शंभर उत्तरं यायची, दुसऱ्याला साठ. त्यातून समाज भेदभाव करतो हे सिद्ध व्हायचं, पण अमुक एका माणसाने केला हे व्हायचं नाही. समाज दोषी आणि त्यातला प्रत्येक माणूस निर्दोष, अशी ही सगळ्यांच्या सोयीची अवस्था पन्नासेक वर्षं टिकली. मग भेटीगाठी, मुलाखती, साधी घर दाखवायची फेरीसुद्धा चित्रित होऊ लागली. एखाद्या माणसाच्या अशा चाळीस-पन्नास भेटी मिळाल्या, की त्याची नजर कुठे अडते, कोणत्या उत्तरानंतर तो पुढचा प्रश्न विचारतो, होकाराआधी किती क्षण थांबतो, यावरून यंत्र त्याची 'निर्णयछबी' तयार करतं. या छबीला त्या माणसाचे तिने कधीही न पाहिलेले निर्णय ओळखायला लावतात. विसातले एकोणीस बरोबर आले तरच कोर्ट तिला उभं करतं.

मग वादातली ती एकच भेट घ्यायची. शब्द तेच, कपडे तेच, कागद तेच, खुर्चीत बसायची ढबही तीच. बदलायचा फक्त चेहरा, रंग आणि नाव. ही पालटलेली भेट छबीसमोर दहा हजार वेळा ठेवायची, दर वेळी उजेड किंचित वेगळा, मधली एखादी शिंक वेगळी, म्हणजे निकाल शिंकेवर ठरायला नको. मूळ चेहऱ्याला किती वेळा होकार आला आणि पालटलेल्याला किती, त्यांच्यातल्या अंतराला म्हणायचं 'फरक'.

"म्हणजे मनातलं वाचतं," निमकर म्हणाले.

"मनाशी त्याचा संबंध नाही," बाई म्हणाल्या. "समोर दुसरा चेहरा असता तर तुम्ही काय केलं असतं, एवढंच ते सांगतं."

मल्हारच्या चेहऱ्याला लेंट्सच्या छबीने शंभरात अकरा वेळा घर दिलं. त्याच मल्हारला गोरा करून मिखाएल नाव दिलं, तर त्र्याऐंशी वेळा. फरक बहात्तर. सभेने टाळ्या वाजवल्या. निमकरांनी सामोसे मागवले.

*

दहा दिवसांनी लेंट्सच्या वकिलाने कोर्टात एक अर्ज केला. कायद्यात 'समान कसोटी' नावाचं कलम होतं. जो दुसऱ्याची पालट-चाचणी मागतो, तो स्वतः तशाच जागेवर बसून निर्णय घेत असेल तर त्यानेही चाचणी द्यायची. मल्हारच्या नावावर पुण्यात सप्तर्षीच्या तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट होता. भाडेकरू निवडायचं मुखत्यारपत्र आईकडे. मालक मुलगा, होकार-नकार आईचा, आणि कायद्याच्या हिशेबी दोघं एकच. चाचणी आईची.

चित्रफिती होत्या का? होत्या. भरपूर होत्या. सप्तर्षीत भाडेकरू ठेवायचा तर आधी कार्यकारिणीपुढे मुलाखत, हा जुना रिवाज. सहा वर्षांपूर्वी बाईंनीच ठराव आणला होता, की पारदर्शकतेसाठी प्रत्येक मुलाखत चित्रित करावी आणि जपून ठेवावी. तेव्हापासून चौसष्ट मुलाखती झाल्या होत्या आणि चौसष्टही तारखेनिशी लावलेल्या होत्या. सगळ्यांत प्रश्न विचारणाऱ्या बाईच. एवढा नीटनेटका पुरावा यंत्राला अख्ख्या युरोपात मिळाला नव्हता, असं पुढे तिथल्या तंत्रज्ञाने कौतुकाने सांगितलं.

"आई, ते सगळं उडवून टाक," मल्हार पडद्यावरून म्हणाला.

"का?"

"का म्हणजे? उगाच कशाला धोका?"

"धोका खोटं वागणाऱ्याला. मी उडवलं तर त्याचा अर्थ काय निघेल?"

"अगं, अर्थाचं काय घेऊन बसलीस! कुणी काही काढलं तर?"

"कोण काय काढणार? मी एकेकाला प्रश्न विचारलेत, उत्तरं ऐकलीत, कारण लिहून नकार दिलाय. कारणाशिवाय एकही नकार नाही माझ्याकडे."

मल्हारच्या मागे शाल्मली भिंतीला टेकून बसली होती. तिने पाय उशीवर ठेवले होते. "आई," ती म्हणाली, "तुमची खात्री आहे ना?"

"तू लाडवांची काळजी कर," बाई म्हणाल्या. "डिंकाचे चालतील की अळिवाचे, ते सांग."

खांबेट्यांच्या घरात भांडणाची एक पद्धत होती. बाईंनी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ती घालून दिली होती. वाद आला की दोघांनी तीन-तीन मिनिटं बोलायचं. वेळ संपली की दुसऱ्याने स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायचा. नवरा निनाद साखर कारखान्यांची यंत्रं बसवणारा इंजिनिअर. गेल्या चौतीस वर्षांत तो बहुधा विरोधी बाजूने बोलला होता आणि बहुधा हरला होता.

"विषय," बाई चहा ओतत म्हणाल्या, "आजच्या शिकल्यासवरल्या समाजात वंशावरून दुटप्पीपणा उरलेला आहे का. मी म्हणते, आपल्याकडे नाही. त्यांच्याकडे आहे, कारण त्यांच्याकडे वंश आहे. त्यांनी माणसं विकली, वसाहती केल्या, कातडीवरून कायदे केले. आपल्याकडे कातडीवरून एकही कायदा नाही. आपण नाकारतो ते सवयींवरून. सवय बदलता येते, कातडी बदलता येत नाही. म्हणून सवयीवरून नाकारणं हा भेदभाव नाही, ती निवड आहे. संपलं. दोनच मिनिटं लागली."

निनादने चमचा उचललाच नव्हता. "त्या भूलतज्ज्ञ बाई," तो म्हणाला.

"कोण?"

"गेल्या मे महिन्यात मल्हारचा फ्लॅट भाड्याने मागायला आल्या होत्या. मी खाली लिफ्टपाशी भेटलो त्यांना. डॉक्टर सिद्दी."

"त्यांच्या कामाच्या वेळा विचित्र होत्या. तसं लिहिलंय मी."

"आणि समोरच्या फ्लॅटमधला डॉक्टर पेंडसे? तो मध्यरात्री पोटं फाडायला जातो."

"तो मालक आहे."

"बरं," निनाद म्हणाला. "माझी एवढीच बाजू. तूच वाजव चमचा."

बाईंनी वाजवला. विषय आपण जिंकला, असं त्यांना वाटलं. प्रतिपक्ष दोन वाक्यांत आटोपला की त्या नेहमीच असं धरून चालत.

*

चाचणीचं केंद्र बाणेरला एका नव्या इमारतीत होतं. छबी तयार व्हायला नऊ दिवस लागले. तिने विसातले वीसही निर्णय ओळखले. बाईंना त्याचा थोडा अभिमानही वाटला. आपण सुसंगत आहोत, हे त्यांना ठाऊकच होतं.

नियमाप्रमाणे निकालाआधी दोन्ही फिती दाखवायच्या होत्या. पहिली मूळ.

पडद्यावर सोसायटीचं ऑफिस. निमकर, बाई, आणि समोर डॉक्टर मंजुळा सिद्दी. वय सदतीस. कर्नाटकातल्या हल्याळच्या बाजूची, जिथे तिच्या लोकांच्या कित्येक पिढ्या गेल्या. शाळा बेळगावला मराठी माध्यमात, डॉक्टरकी मिरजेला. वर्ण काळाकुळकुळीत, केस दाट कुरळे, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून चार-पाचशे वर्षांपूर्वी जहाजांतून आणलेल्या पूर्वजांचा चेहरा. अंगावर इरकली साडी. मुलाखतीला साडी नेसून आलेली बाईंच्या आठवणीतली ती एकमेव उमेदवार.

"किती शुद्ध मराठी बोलता हो तुम्ही," पडद्यावरच्या बाई म्हणाल्या.

"घरात कोकणी, शाळेत मराठी," मंजुळा म्हणाली. "दुसरी मराठी येतच नव्हती, तर अशुद्ध कुठून बोलणार?"

निमकर हसले. मग प्रश्न. मूळचे कुठले? नाही, हल्याळ झालं, पण त्याआधी मूळचे? पाहुणे फार येतात का? कोणत्या प्रकारचे? घरात स्वयंपाक काय असतो? वास फार येत नाही ना? कामाच्या वेळा काय?

"ऑपरेशन असेल तेव्हा. कधी पहाटेही जावं लागतं."

"अच्छा," पडद्यावरच्या बाई म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं. "कळवतो आम्ही."

दुसरी फीत. तेच ऑफिस, तीच इरकली, तेच शब्द, तोच आवाज. चेहरा मात्र गोरटेला, नाक सरळ, आणि समोरच्या अर्जावर नाव डॉक्टर मंजुळा साठे. तिची उत्तरं तीच होती. फक्त आता प्रश्न विचारणारी बाईंची छबी होती.

"घरात कोकणी? अय्या, म्हणजे कारवारकडच्या का तुम्ही?" छबी म्हणाली. 'मूळचे' विचारलं नाही. वासाचंही विचारलं नाही. पहाटे जावं लागतं म्हटल्यावर छबीचा चेहरा कळवळला. "बाई गं, दमत असाल हो. एकट्याच राहणार? मग असं करा, सकाळचा डबा आमच्या मावशींना सांगते. किल्ली केव्हा देऊ?"

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. तो कळवळा खोटा नव्हता. आपला आवाज प्रेमाने असाच चढतो, भुवया अशाच उंचावतात, डब्याचं आपण असंच बोलतो, हे त्यांना माहीत होतं. यंत्राने त्यांना वाईट दाखवलं असतं तर भांडता आलं असतं. त्याने त्यांना चांगलं दाखवलं होतं, आणि ते चांगुलपण कुणाकरता राखीव आहे तेही.

"मूळ चेहऱ्याला शंभरात नऊ," तंत्रज्ञ मुलगी कागद सरकवत म्हणाली. "पालटल्यावर एक्क्याण्णव. फरक ब्याऐंशी. इथे सही करा, मॅडम."

लेंट्सचा बहात्तर. आपण कशात तरी जर्मनांच्या पुढे गेलो याचं बाईंना आयुष्यात पहिल्यांदाच वाईट वाटलं.

"आणि हे," मुलगी म्हणाली, "ज्यांची मुलाखत वापरली त्यांना निकाल कळवावा लागतो. त्याची पोच."

*

सप्तर्षीची तातडीची सभा भरली. या वेळी सामोसे नव्हते.

"हे यंत्र गोऱ्यांनी बनवलेलं आहे," निमकर म्हणाले. "गोऱ्यांच्या चेहऱ्यांवर शिकवलेलं. आपल्या भावना त्याला काय कळणार?"

"पण मल्हारच्या वेळी आपण..." कुणीतरी म्हणालं.

"तो जर्मन होता हो. जर्मनांचं त्यांना कळतं. इथलं कसं कळेल? मी म्हणतो, आपल्याकडे वंश-बिंश आहेच कुठे? आपण वकिलांना जागा देत नाही, पोलिसांना देत नाही, नटांना देत नाही, एकट्या पोरांना देत नाही. सगळ्यांना सारखंच नाकारतो. यापेक्षा समता ती काय असते?"

जानेवारीतला अभिनंदनाचा ठराव 'तांत्रिक कारणास्तव' मागे घेण्यात आला. बाईंनी तो नव्या ठरावाच्या क्रमांकाने इतिवृत्तात घातला.

फेब्रुवारी संपायच्या आत लेंट्सच्या वकिलाचा निरोप आला. अशील कोर्टकचेरीला कंटाळलेले आहेत. घर आजही रिकामं आहे. श्री. खांबेटे यांनी दावा मागे घेतला आणि 'पालट-चाचणी अविश्वसनीय आहे' असं दोघांनी मिळून लिहून दिलं, तर एक एप्रिलला किल्ली. फक्त त्याला एखाद्या जाणकाराच्या प्रतिज्ञापत्राचा आधार हवा. वकिलाने चौकशी केली होती. तर्कशास्त्राच्या प्राध्यापक, स्वतः चाचणी दिलेल्या, त्यातून आशियाई. यापेक्षा वजनदार साक्षीदार मिळणं कठीण.

"आई, एकतीस तारखेला खोली सोडायचीये," मल्हार म्हणाला. "मी सत्तावीस घरं पाहिलीत. सत्तावीस."

"पण त्याने तुला तुझ्या रंगावरून नाकारलं, हे खरं आहे ना?"

"आहे."

"आणि मी लिहायचं की ते सिद्ध होत नाही."

"तू तुझ्याबद्दल लिही. तू रंगावरून नाकारलं नाहीस, असं म्हणतेस ना? मग त्यात खोटं काय?"

पडद्याच्या कोपऱ्यात शाल्मली कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी घालायची, बॅगेत ठेवायची, पुन्हा काढायची. जायचं कुठे ते ठरलं नसल्यामुळे कोणती बॅग आधी भरायची हे तिला कळत नव्हतं.

"किती पानी हवंय?" बाईंनी विचारलं.

प्रतिज्ञापत्र अकरा पानांचं झालं. बाईंच्या उभ्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं लिखाण होतं, यात वाद नाही. गाभा चौथ्या पानावर होता. जे घडलंच नाही त्याविषयीचं विधान खरंही ठरवता येत नाही आणि खोटंही. डॉक्टर साठे नावाची स्त्री कधी आलीच नाही. न आलेल्या स्त्रीला मी घर दिलं असतं, हे कोणतंही यंत्र सिद्ध करू शकत नाही. मी विसातले वीस निर्णय सुसंगतपणे घेतले असले, तरी एकविसावा घेण्यास मी मोकळी आहे. माणसाच्या या मोकळेपणालाच आपण विवेक म्हणतो, आणि त्यावर यंत्राने दावा सांगणं हा मनुष्यत्वाचा अवमान आहे.

निनादने अकराही पानं वाचली.

"कसं झालंय?"

"नितांतसुंदर," तो म्हणाला. "तुला सुवर्णपदक. फक्त ती आलीच नव्हती असं चारदा आलंय. जी आली होती तिचं नाव कुठेच नाही."

"त्याची गरज नाही मुद्द्याला."

"हो ना," निनाद म्हणाला आणि चष्मा पुसायला उठून गेला.

*

मंजुळा सिद्दीने पुण्याच्या निवास न्यायाधिकरणात अर्ज केला होता. निकाल कळल्यावर कुणीही केला असता. सप्तर्षीच्या वकिलाने लाइपझिगच्या खटल्यासाठी लिहिलेलं तेच प्रतिज्ञापत्र जोडलं आणि सुनावणीला बाईंना हजर ठेवलं. मार्चचा शेवटचा आठवडा. बाईंचं विमान चौथ्या दिवशी होतं.

मंजुळाने वकील लावला नव्हता. ती उभी राहिली. नेसण आज साधंच होतं, आणि रजा टाकून आल्यामुळे सारखी घड्याळ बघत होती.

"बाई, मला नकार का दिलात?"

"कामाच्या वेळांमुळे."

"मग ती जागा कोणाला दिलीत?"

"एका दांपत्याला."

"काय करतात ते?"

"दोघंही विमानतळावर असतात."

"त्यांच्या वेळा?"

बाईंनी वकिलाकडे पाहिलं. वकील फाईल चाळत होता. "पाळ्या असतात," बाई म्हणाल्या.

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. न्यायाधिकरणाच्या अध्यक्षांनी पेन्सिल आपटली.

"मी जर बेळगावची साठे असते तर?"

"तसं घडलेलं नाही," बाई म्हणाल्या. "न घडलेल्या गोष्टीवर मी काही सांगू शकत नाही."

"बरोबर आहे," मंजुळा शांतपणे म्हणाली. "ते कधीच घडणार नाहीये. माझं एवढंच म्हणणं होतं."

निकाल त्याच दुपारी लागला. दांपत्याच्या पाळ्यांचा मुद्दा विचारार्ह आहे, पण तेवढ्यावरून हेतू सिद्ध होत नाही. हेतू दाखवू शकेल असा पुरावा फक्त पालट-चाचणीचा, आणि तिच्या विश्वासार्हतेबद्दल प्राध्यापक खांबेटे यांच्या अभ्यासपूर्ण प्रतिज्ञापत्राने गंभीर शंका उपस्थित केली आहे. अर्ज नामंजूर.

बाहेर वऱ्हांड्यात मंजुळा रिक्षा बोलावत उभी होती. बाईंना मागच्या जिन्याने जाता आलं असतं, पण तो दुरुस्तीसाठी बंद होता.

"मुलाला घर मिळालं का?" मंजुळाने विचारलं. लाइपझिगची सगळी हकीकत तिने कोर्टाच्या कागदांत वाचली होती.

"एक तारखेला किल्ली."

"आणि सूनबाई?"

"नववा लागलाय."

"पहिलीच खेप ना? घाबरली असेल. कळा असह्य झाल्या तर पाठीतून भूल घ्यायला सांगा. नुसतं पाठ वाकवून बसायचं, उशी पोटाशी धरून. पुढे कंबर दुखते म्हणतात, तसं काही होत नसतं." रिक्षा आली. तिने पदर सावरला.

"तुम्ही कुठे राहता सध्या?" बाईंनी विचारलं. विचारल्यावर लगेच वाटलं, विचारायला नको होतं.

"हॉस्पिटलच्या वसतिगृहात. शिकाऊ मुलींच्या खोलीत तिसरी खाट." मंजुळा रिक्षात बसली. "दहाला दिवे घालवायची सक्ती आहे. सवय बदलता येते, असं तुम्हीच लिहिलंयत ना सहाव्या पानावर?"

*

नात एप्रिलच्या अकरा तारखेला झाली. घर उन्हाचं होतं, खिडकीबाहेर चेस्टनटचं झाड, जमीन लाकडी. बाईंनी डिंकाचे लाडू डब्यात भरून फळीवर ठेवले, बाळाचे लंगोट बाल्कनीत वाळत घातले, आणि दोन आठवड्यांत सगळा जिना ओळखीचा करून घेतला.

लेंट्सशी भेट व्हायला नको असं त्यांना आधी वाटलं होतं. पण लेंट्स मोठा अगत्यशील निघाला. पंचाहत्तरीचा, विधुर, पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचा. बाळासाठी लोकरीची टोपी घेऊन आला. बाईंच्या हातचा लाडू खाऊन डोळे मिटले. दर गुरुवारी चारला तो केक घेऊन येऊ लागला आणि दोघं इंग्रजीत विद्यार्थ्यांच्या खालावलेल्या दर्जाबद्दल बोलू लागली. खटल्याचा विषय कुणी काढला नाही. मल्हार त्या वेळी ऑफिसात असे आणि संध्याकाळी केकचा उरलेला तुकडा कचऱ्यात टाकत असे.

मेमधल्या एका गुरुवारी लेंट्सने केकबरोबर एक फाईल आणली.

"फ्राऊ खांबेटे, तुमचं मत हवं होतं. तुम्हाला या कामाचा दांडगा अनुभव आहे, असं मी वाचलंय." तो हसला नाही. खरंच आदराने म्हणाला. "वरचा मजला रिकामा होतोय. एक अर्ज आलाय. मी नाही म्हणणार आहे. पण पत्र असं हवं, की उद्या पुन्हा कुणी काही घेऊन कोर्टात गेलं तरी त्यात काही सापडू नये. तुमचं ते निवेदन माझ्या वकिलाने मला दिलं होतं. मी इतकं स्वच्छ गद्य फार दिवसांत वाचलं नव्हतं."

बाईंनी फाईल उघडली. एरिट्रियातून लहानपणी आलेली एक नर्स, बाळंतिणींच्या वॉर्डात काम करणारी. आठ वर्षांची एक मुलगी. आधीच्या घरमालकाचं शिफारसपत्र. पगाराचे कागद चोख. वरच्या उजव्या कोपऱ्यात दोघींचा फोटो, शाळेच्या पहिल्या दिवसाचा असावा, मुलीच्या हातात तिथल्या रीतीप्रमाणे खाऊचा मोठा कागदी शंकू.

आतल्या खोलीत बाळ कुरकुरलं आणि शांत झालं. लेंट्स केक कापत होता.

बाईंनी फोटोवर अंगठा ठेवला आणि अर्ज पहिल्या ओळीपासून वाचला. उत्तम भाडेकरू. वर बाळंतिणीची नर्स राहणार म्हणजे शाल्मलीला केवढा आधार, असंही मनात येऊन गेलं. त्यांनी अंगठा उचलला आणि पुन्हा वाचला. या वेळी तिसऱ्याच ओळीपाशी थांबल्या. पाहुणे किती येत असतील, ते कुठे लिहिलेलं दिसत नव्हतं. पुन्हा अंगठा ठेवला. पुन्हा उत्तम. पुन्हा उचलला.

दहा हजार वेळा करायची गरज नव्हती. तीनदा केल्यावर त्या थांबल्या.

"काही खोट दिसतेय?" लेंट्सने बशी पुढे करत विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "अर्जात काही खोट नाही."

लेंट्सने खिशातून पेन काढलं.

बाईंनी बशी बाजूला ठेवली, चष्मा नीट केला आणि पेनासाठी हात पुढे केला. "सुरुवात आभाराने करू," त्या म्हणाल्या.